उंची पाच फूट दोन, चाक एकोणतीस इंच: मोठ्या युनिसायकलचं गणित

ज्यांच्या प्रवासात रेंज जाते, किंवा ज्यांना आकडे ऐकण्यापेक्षा डोळ्यांसमोर लागतात, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलले तसंच ठेवलंय. "म्हणजे कसं ना" हे तीस-चाळीस वेळा आलं होतं, ते काढलंय आणि गणितं जरा नीट मांडली आहेत.

मागच्या भागानंतर एक व्हॉइस नोट आली. कॉलेजात शिकणारी मुलगी आहे, २० इंची युनिसायकल बऱ्यापैकी चालवते. तिचा प्रश्न असा: "ताई, माझी उंची पाच फूट. मोठ्या चाकाची घ्यायचीय, पण सगळे म्हणतात ते उंच माणसांचं काम. खरं आहे का?"

अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कुठे चुकतं हे सांगण्यासाठीच आजचा भाग.

माझी उंची १५७ सेंमी, म्हणजे पाच फूट दोन इंचाला एखादा केस कमी. राहते रेडीत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: वेंगुर्ला तालुक्यातलं, सिंधुदुर्गाच्या अगदी दक्षिण टोकाचं गाव. द्विभुज गणपती, यशवंतगड, लोहखनिजाची खाण आणि बंदर. तेरेखोलचा किल्ला आमच्याच बाजूला, नदीच्या अलीकडे, पण कागदोपत्री गोव्यात. दिवसभर लॅपटॉपसमोर कोड लिहिते आणि ऊन उतरलं की एकचाकी घेऊन बाहेर पडते. दुकानाच्या पायरीवरचे आजोबा अजूनही विचारतात, "गो बाय, दुसरां चाक खंय गेलां?" बरीच वर्षं २४ इंची चालवल्यावर मी २९ इंचीवर गेले, त्याचा हिशोब आज मांडते.

आधी यंत्र समजून घेऊ

साध्या सायकलला चेन असते आणि फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. युनिसायकलला यातलं काहीच नाही. क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांडीला लागतं ती दांडी, थेट चाकाच्या आसाला जोडलेली असते. पाय एक फेरी फिरला की चाक एक फेरी फिरतं. पाय थांबला की चाक थांबतं. पाय उलटा फिरवला तर चाक मागे जातं. तोल सांभाळायचा तोही या पायांनीच: पुढे झुकलात तर चाक पुढे न्यायचं, मागे कललात तर मागे आणायचं.

त्यामुळे वेग ठरतो फक्त दोन गोष्टींवर. चाक केवढं आणि पाय किती भरभर फिरतात. आता चाकाचा परीघ बघा. २० इंची चाक एका फेरीत साधारण १.६० मीटर जातं. २४ इंची १.९२ मीटर. २९ इंची २.३१ मीटर. आणि ३६ इंची, जे लांब पल्ल्याचे लोक वापरतात, ते २.८७ मीटर.

समजा तुम्हाला पाच किलोमीटर जायचंय आणि पाय मिनिटाला ८० फेऱ्या मारतात. २० इंचीवर ३,१३० च्या आसपास फेऱ्या आणि ३९ मिनिटं. २४ इंचीवर २,६१० फेऱ्या, ३३ मिनिटं. २९ इंचीवर २,१६० फेऱ्या, २७ मिनिटं. ३६ इंचीवर १,७४० फेऱ्या, २२ मिनिटं. छोट्या चाकावर पाय मिक्सरसारखे फिरतात आणि शेजारून शाळेतला मुलगा आरामात पुढे निघून जातो, तो याचमुळे. मैदानात गोल फिरायचं असेल तर २० इंची उत्तम. पण बाजाराला जायचंय, मैत्रिणीकडे जायचंय, समुद्रावर जाऊन यायचंय, म्हणजे युनिसायकल हे वाहन म्हणून वापरायचंय, तर मोठं चाक लागतंच. बुटक्या माणसाला "तुझ्यासाठी छोटंच बरं" म्हणणं म्हणजे "तू आपली अंगणातच खेळ" म्हणण्यासारखं आहे. आपल्याला अंगणाबाहेर जायचंय.

हा प्रश्न नवा नाही

गंमत म्हणजे पाय आणि चाक यांचं हे भांडण एकशे चाळीस वर्षांपेक्षा जुनं आहे. पुढचं चाक प्रचंड आणि मागचं एवढंसं, अशा उंच सायकलींची चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यांनाही चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला. वेग हवा तर चाक मोठं करायचं, आणि चाक किती मोठं करता येईल हे मालकाचा पाय ठरवायचा. चप्पल मापाने घेतात तशी सायकल पायाच्या मापाने घ्यायची. थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ ते १८८६ या काळात अशाच सायकलवर जगभर फिरला आणि १८८६ मध्ये आपल्याकडच्या ग्रँड ट्रंक रोडवरूनही गेला. त्याचं चाक ५० इंची होतं.

मग १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली. दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. पुढे मोठं दातेरी चक्र, मागे छोटं, की झालं. चाक छोटं ठेवूनही मोठ्या चाकाचा वेग मिळायला लागला. पायाची लांबी आणि वेग यांची ताटातूट झाली. बुटक्या माणसांना सायकलवर समान हक्क मिळाला तो त्या चेनमुळे.

त्या उंच चाकांची आठवण अजून शिल्लक आहे. सायकलचा गिअर आजही काही ठिकाणी इंचात सांगतात. सूत्र सोपं: पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. पुढे ४४ दाते, मागे १८ आणि चाक २८ इंची असेल तर उत्तर येतं ६८. म्हणजे ही सायकल ६८ इंची थेट चाकासारखी पळते. घरच्या सायकलचे दाते मोजून करून बघा. आपण युनिसायकलवाले २४ वरून २९ वर जायला एवढा विचार करतो आणि घरच्या सायकलवर बाबा रोज ६८ चालवतात!

लहानपणी त्याच बाबांच्या सायकलवर आपण सीटवर पाय पोचत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारलेलं आहे. अर्धी फेरी पुढे, पाय परत मागे, पुन्हा अर्धी फेरी. फ्रीव्हील होतं म्हणून ते जमलं. युनिसायकलवर हाफ पायडल नाही. पाय पूर्ण गोल फिरलाच पाहिजे, म्हणजे सर्वांत खालच्या पायडलपर्यंत पोचलाच पाहिजे. म्हणून माप बघावं लागतं.

पण माप उंचीचं नाही

इथे एक गैरसमज काढून टाकू. एकचाकी म्हटलं की सर्कस डोळ्यांसमोर येते. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली तेव्हापासून मराठी माणसाला सर्कस घरची आहे. सर्कशीत ती उंचच उंच एकचाकी असते, जिराफासारखी. वर बसलेला कलाकार बहुतेक वेळा छोट्या चणीचा. ते कसं? कारण तिथे पायडल वर सीटजवळ असतात आणि चेन खाली छोट्या चाकापर्यंत जाते. सीट उंच आहे, चाक मोठं नाही. त्यामुळे "उंच एकचाकी" आणि "मोठ्या चाकाची एकचाकी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दुसरीबद्दल बोलतोय.

मोठ्या चाकाच्या एकचाकीवर तुमची डोक्यापर्यंतची उंची कोणी विचारत नाही. विचारतात पायाची आतली लांबी. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखं वर घट्ट ओढा. (कालनिर्णय चालणार नाही, पुठ्ठाच हवा.) पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करा आणि जमिनीपासून मोजा. माझी ७२ सेंमी भरते. माझ्याच उंचीच्या मावसबहिणीची ७५. दोघींचे कपडे एकमेकींना होतात, पण युनिसायकलच्या हिशोबात आम्ही दोन वेगळी माणसं आहोत.

आता सीटपासून खालच्या पायडलपर्यंत किती अंतर कमीत कमी लागणारच, ते काढू. तीन आकड्यांची बेरीज आहे:

एक, चाकाची त्रिज्या. २४ इंचीची ३०.५ सेंमी, २९ इंचीची ३६.८, ३६ इंचीची ४५.७. (टायरच्या जाडीने थोडा फरक पडतो, तो सध्या सोडून देऊ.)

दोन, टायरच्या माथ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सीट पूर्ण खाली दाबलेली असताना. यात टायरवरची फट, फोर्कचा माथा, सीटची नळी आणि सीटची गादी सगळं आलं. माझ्या २९ इंचीवर हे २० सेंमी आहे. तुमच्यावर टेप लावून मोजा.

तीन, क्रँकची लांबी. कारण खालचं पायडल आसाच्याही खाली तेवढं जातं.

२९ इंची चाक, १२५ मिलिमीटरची क्रँक: ३६.८ अधिक २० अधिक १२.५ बरोबर ६९.३ सेंमी. माझा पाय ७२. बसतं, वर पावणेतीन सेंमी शिल्लक. त्याच चाकावर १५० ची क्रँक लावली तर ७१.८. अगदी काठावर, पण बुटाचा तळ मदतीला येतो. सीट पूर्ण खाली ठेवावी लागते एवढंच. आता ३६ इंची आणि १२५ ची क्रँक: ७८.२. माझ्यासाठी सहा सेंमीने बाद.

म्हणजे "बुटक्यांना मोठं चाक नाही" हे विधान असं दुरुस्त करायचं: ७२ सेंमी पायाला ३६ इंची अवघड आहे, २९ इंची अजिबात नाही. आणि अडलंच, तर तीनपैकी दोन आकडे तुमच्या हातात आहेत. पातळ गादीची सीट घेतली तर एक-दोन सेंमी मिळतात. सीटचा पाइप जास्त लांब असल्यामुळे तळाला टेकत असेल, तर तो कापून घेता येतो, कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे पाच मिनिटांचं काम. आणि क्रँक छोटी लावता येते.

क्रँक छोटी केली की काय होतं

इथे थांबून नीट ऐका, कारण फुकट काही मिळत नाही.

क्रँक ही पहार आहे. दगड हलवायला लांब पहार घेतली की कमी जोर लागतो. चाकाची त्रिज्या क्रँकच्या लांबीने भागा. जो आकडा येईल, तितके पट जोर पायाने लावावा लागतो. आपण त्याला "जोर-आकडा" म्हणू. पुस्तकी नाव शोधू नका, हे मी कामापुरतं ठेवलेलं नाव आहे.

२४ इंची, १५० ची क्रँक: ३०.५ भागिले १५, म्हणजे २.०३.
२४ इंची, १२५ ची क्रँक: २.४४.
२९ इंची, १५० ची क्रँक: २.४५.
२९ इंची, १२५ ची क्रँक: २.९४.
३६ इंची, १२५ ची क्रँक: ३.६६.

२४ वर १५० ची क्रँक वापरणारी मुलगी थेट २९ वर १२५ घेऊन बसली, तर त्याच चढाला तिला जवळजवळ दीडपट जोर लागणार. चढ तर दिसतो, त्याची तयारी होते. खरी परीक्षा उतारावर आणि थांबताना, कारण ब्रेक नसेल तर थांबवणारे पायच असतात. जोर-आकडा जितका मोठा, तितकं थांबणं कठीण. आणि बुटक्या माणसाला माप बसवण्यासाठी क्रँक छोटी करावी लागते, म्हणजे आपला जोर-आकडा उंच माणसापेक्षा आपोआप वाढतो. उंच माणूस ३६ वर १५० लावून ३.०५ वर चालवेल. मी हट्टाने सीट खरवडून, १०० ची क्रँक लावून ३६ वर बसलेच, तर ४.५७. आमच्या रस्त्यावर समोरून डंपर आला तर त्या आकड्याने मी कशी थांबणार?

म्हणून बुटक्या चालकाचा खरा प्रश्न "पाय पोचतो का" इथे संपत नाही. "पाय पोचल्यावर थांबवता येतं का" हा त्याचा दुसरा भाग आहे, आणि दुकानदार सहसा पहिलाच विचारतात.

स्पर्धांमध्येही ही जोडी एकत्रच मोजतात. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या नियमांत २४ इंची गटासाठी चाकाचा व्यास जास्तीत जास्त ६१८ मिलिमीटर आणि क्रँक कमीत कमी १२५ मिलिमीटर अशी अट आहे. नुसतं चाक सारखं असून भागत नाही, पहारही ठरवावी लागते.

आधी क्रँक बदला, मग चाक

मघाची यादी पुन्हा बघा. २४ वर १२५ म्हणजे २.४४ आणि २९ वर १५० म्हणजे २.४५. जवळपास एकच आकडा! तसंच २४ वर १०० ची क्रँक लावली तर ३.०५ येतो, म्हणजे २९ वरच्या १२५ पेक्षा किंचित कठीणच.

याचा अर्थ, मोठ्या चाकाचा जोर तुम्हाला छोट्या चाकावर, जमिनीच्या जवळ राहून, आधीच शिकता येतो. मोठी युनिसायकल आपल्याकडे पटकन मिळत नाही. २० आणि २४ इंची मिळतात, त्यापुढची बहुतेक वेळा मागवावी लागते आणि खिशाला जाणवते. क्रँकची जोडी त्यामानाने स्वस्त. म्हणून माझा क्रम असा होता, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला हाच सांगते:

पहिले काही आठवडे २४ वर १२५. रोजचा रस्ता, रोजचे चढ. तोल पूर्वीसारखा वाटायला लागला की १०० लावा, पण फक्त सपाट जागेवर. इथे पाय भरभर फिरवायची आणि हलक्या पायाने थांबायची सवय होते. यावर तुम्ही ठरवलेल्या खुणेवर, दहापैकी नऊ वेळा, न पडता थांबू शकलात, की २९ इंची मागवायला हरकत नाही. ती आली की पहिल्यांदा १५० लावा, म्हणजे जोर ओळखीचा आणि फक्त चाक नवं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोडमध्ये दहा बदल एकदम करून बग शोधत बसणारे आम्ही लोक, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

दोन भोकांच्या क्रँकही मिळतात. आतलं भोक साधारण १२५ वर, बाहेरचं १५० वर. पायडल काढून दुसऱ्या भोकात लावलं की काम झालं. चढाच्या दिवशी १५०, सपाटीला १२५. घरी करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. आणि क्रँकवर डावी-उजवीची खूण असते, ती चुकवू नका. अदलाबदल झाली तर चालवता चालवता पायडल सुटत जातं. चौकोनी आसाची क्रँक असेल तर नवी लावल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळा. ढिली क्रँक चालवली तर तिचं चौकोनी भोक कायमचं झिजतं.

नव्या चाकावर पहिले दिवस

२९ वर बसल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उंची. सीट आणि पायडल यांतलं अंतर तेच असतं, कारण पाय तुमचाच आहे. वाढतं ते पायडल आणि जमीन यांतलं अंतर. १२५ च्या क्रँकवर २४ इंचीचं खालचं पायडल जमिनीपासून १८ सेंमीवर असतं, २९ इंचीचं २४ सेंमीवर. फरक सहा सेंमीचा, म्हणजे घराच्या पायरीच्या निम्म्याहून कमी. डोळ्यांना मात्र माडावर चढल्यासारखं वाटतं. ते दोन-तीन दिवसांत जातं.

दुसरी गोष्ट, चाकाची कड जड. ते सुरू व्हायला आळशी आणि थांबायलाही आळशी. छोट्या चाकावर आपण पायाला झटके देऊन तोल सावरतो, इथे झटका उशिरा पोचतो. त्यामुळे आधी झुकायचं, मग पायाने साथ द्यायची. वळतानाही खांदे आणि नजर आधी, चाक मागून. बदल्यात रस्ता मऊ लागतो. छोटं चाक ज्या खड्ड्यात तोंड घालतं, त्यावरून मोठं चाक हुंकार देऊन निघून जातं.

चढायचं कसं? बुटक्या माणसाला जागेवर उभं राहून चढणं जड जातं, कारण सीट जवळजवळ पोटापर्यंत येते. पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या कडेचा कट्टा किंवा चिऱ्याची पायरी वापरा. एक पाय कट्ट्यावर, म्हणजे तेवढी उंची उसनी मिळाली. मग चालत चालत चढायला शिका: सीट पायांत धरून दोन-तीन पावलं चालायचं, चाक फिरतंय तोवर मागून वर येणाऱ्या पायडलवर पाय ठेवायचा आणि त्याच्या लयीत वर जायचं. पायडलवर उडी मारून जोर दिला तर चाक मागे पळतं. पायडलने आपल्याला उचलावं, आपण त्याला दाबू नये. सीट पहिले काही दिवस एक-दोन सेंमी खाली ठेवा, सवय झाल्यावर वर घ्या. कायम खाली ठेवली तर गुडघे तक्रार करतात. योग्य उंचीची खूण: टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय जवळपास सरळ व्हायला हवा.

आणि पडायचं कसं? युनिसायकलवरून बहुतेक वेळा आपण पडत नाही, पुढे उतरून धावतो. म्हणूनच माझा नियम: जितक्या वेगाने धावता येतं, तितक्याच वेगाने चालवायचं. आधी मैदानात १०० मीटर धावून वेळ लावा. २४ सेकंद लागले तर तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर. २९ इंचीवर मिनिटाला ८० फेऱ्या म्हणजे ताशी ११, अजून जागा आहे. १२० फेऱ्या म्हणजे साडेसोळाच्या वर. तिथे उतरलात तर पाय कमी पडतील आणि हात टेकतील. म्हणून हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड. आमच्याकडच्या जांभ्याच्या खडीवर हात घासला की काय होतं, ते कोकणातल्या कोणालाही विचारा.

रेडीचा रस्ता आणि ब्रेक

आमच्याकडे सपाट असं फार थोडं. समुद्राला लागून सपाटी, मग एकदम चढ, वर कातळ, पुन्हा उतार. तेरेखोलकडे जाणारा रस्ताही तसाच. खनिजाच्या तांबड्या धुळीने रस्त्याची कड बुळबुळीत असते आणि मिरगानंतर शेवाळ येतं. अशा ठिकाणी बुटक्या चालकाने २९ इंची घेताना ब्रेकसकट घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ब्रेकची मूठ सीटच्या पुढच्या टोकाखाली येते. लांब उतारावर तो हलका धरून ठेवायचा, पाय फक्त तोल बघतात. छोट्या क्रँकने जो ताबा आपण गमावला, तो ब्रेक परत आणून देतो. पण एकदम दाबायचा नाही. चाक थांबेल आणि तुम्ही थांबणार नाही. सराव अगदी सौम्य उतारावर, एका बोटाने.

सरावाला उत्तम जागा म्हणजे ओहोटीची ओली, घट्ट वाळू. शिरोड्याच्या वेळागरला ती लांबच लांब मिळते. पडलात तरी लागत नाही. कोरड्या वाळूत मात्र चाक रुततं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, आणि सीटच्या पाइपला ग्रीस लावून ठेवा. खाऱ्या हवेत तो एकदा नळीत धरला की सीट वर-खाली करणं विसरा.

टायर-ट्यूबची सोय हाही चाक निवडायचा निकष धरा. २९ इंचीची ट्यूब माउंटन बाइकला लागते तीच, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळून जाते. ३६ इंचीची तशी मिळत नाही.

मग ३६ कधीच नाही?

३६ इंची हे लांब पल्ल्याचं चाक. एड प्रॅट नावाच्या ब्रिटिश तरुणाने २०१५ ते २०१८ या काळात त्यावरून जगाची फेरी मारली. ते पाहून हात शिवशिवतात हे मान्य. तुमचा पाय ७८-८० सेंमी असेल तर गणित तुमच्या बाजूने आहे.

आपल्यासारख्यांसाठी दुसरी वाट आहे: गिअरचा हब. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी चाकाच्या पोटात बसणारा गिअर बनवला. टाचेने बटण दाबलं की पाय एक फेरी फिरतो आणि चाक १.५५ फेऱ्या. २४ इंची चाक त्यावर ३७ इंचीसारखं पळतं. स्टार्ली यांच्या चेनने जे सायकलसाठी केलं, तेच हा हब एकचाकीसाठी करतो: पायाची लांबी आणि वेग वेगळे काढतो. महाग आहे, आणि जोर-आकडाही त्याच १.५५ पटीने वाढतो, त्यामुळे नवशिक्याचं काम नाही. पण "तुझ्या उंचीला जमणार नाही" म्हणणाऱ्याला दाखवायला उत्तर आहे.

तर व्हॉइस नोटवाल्या ताई, तुझ्यासाठी गृहपाठ. एक, पुस्तक घेऊन पाय मोज. दोन, ज्या मापाची घ्यायची आहे तिचे तीन आकडे विकणाऱ्याकडून मागव आणि बेरीज कर. तीन, आताच्या आणि नव्या सायकलचा जोर-आकडा काढ. फरक पाव पटीपर्यंत असेल तर बिनधास्त घे. त्याहून जास्त असेल तर मध्ये एक क्रँक बदल. तू २० वर १२५ ची क्रँक चालवत असशील तर तुझा आकडा २.०३ आहे. २४ वर १२५ घेतलीस तर २.४४. म्हणजे तुझी पुढची पायरी बहुधा २४ आहे, आणि २९ तिच्या पुढची.

बाकीच्यांनीही आपापले आकडे पाठवा: पायाची लांबी, चाक, क्रँक. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बसू. तोवर हेल्मेट घाला, आणि कोणी दुसरं चाक कुठे गेलं विचारलं तर हसून हात हलवा. फक्त एकच हात!